राँग साइडची सायकल आणि धडकेनंतरचं सगळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी पुण्यात सायकलने कामावर जातो. रविवारी खडकवासल्याला चहा-भजीला थांबलं की आमच्यातला कुणी ना कुणी कोपराला पट्टी बांधून आलेला असतो. मग तेच प्रश्न निघतात: समोरचा उलटा आला होता, मी काय करायला हवं होतं? पोलिसांत जायचं का? हे एक्स-रेचं खरंच गरजेचं आहे का? दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. पडलेला माणूस आहे.

राँग साइड म्हणजे नेमकं काय? एकेरी रस्त्यावर उलटं जाणं एवढंच का?

दोन प्रकार आहेत. पहिला सरळ आहे: जंगली महाराज रस्ता डेक्कनकडून संचेतीकडे एकेरी, त्यावरून डेक्कनकडे येणं. दुसरा प्रकार जास्त चालतो आणि त्याला कुणी राँग साइड म्हणतही नाही. रस्ता दुहेरी, मध्ये दुभाजक, तुम्हाला जायचं दुकान शंभर पावलांवर पण पलीकडच्या दिशेला. दुभाजकाची तोड लांब आहे, म्हणून कडेकडेने उलटं निघायचं. पेपरवाला, दूधवाला, बांधकामावर निघालेला मजूर, शाळेतली पोरं, सगळे यात असतात. महागडा हेल्मेट घातलेले आमच्यातलेही असतात, फक्त ते कबूल करत नाहीत.

सायकलवरून उतरून ती हातात धरून चालणारा माणूस मात्र यात नाही, तो पादचारी. दुतर्फा सायकल ट्रॅकवर दोन्हीकडून येण्याची मुभा असते, तिथे आपली डावी बाजू सोडायची नाही एवढंच.

समोरून येणारी गाडी दिसते. मागून येऊन कुणी ठोकण्यापेक्षा हे बरं नाही का?

हा गैरसमज आपल्याला शाळेत मिळालाय. फूटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं चालावं, असं शिकवलं होतं. ते बरोबरच आहे, पण पायी चालणाऱ्यासाठी. चालणारा माणूस एका पावलात थांबतो, गटाराच्या झाकणावर बाजूला होतो. सायकलवाल्याला हे जमत नाही.

आकडेच बघा. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात, मोटरसायकल ४० ने. ती मागून येत असेल तर तुमच्यातलं अंतर ताशी २५ ने कमी होतं. समोरून येत असेल तर ५५ ने. तीस मीटरवर एकमेकांना दिसलात तर पहिल्या वेळी चार सेकंदांहून थोडे जास्त मिळतात, दुसऱ्या वेळी जेमतेम दोन. त्यातला एक-दीड सेकंद 'अरे, हा काय करतोय' यातच जातो. आणि धडक झालीच तर ती वाढलेल्या वेगाने होते.

पण खरी गोम वेगात नाही, गल्लीच्या तोंडाशी आहे. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळणारा रिक्षावाला कुठे बघतो? उजवीकडे, कारण वाहनं तिकडूनच येणार. मान उजवीकडे वळलेली आणि रिक्षा हळूहळू पुढे सरकतेय. राँग साइडची सायकल त्याच्या डावीकडून येते. तो आंधळा नाही, निष्काळजीही नाही. तो जिथे बघायला हवं तिथेच बघतोय, आणि तुम्ही तिथे नाही आहात. तुम्हाला तो दिसतो म्हणून वाटतं की त्यालाही आपण दिसलो.

सिग्नल आणि पाट्याही योग्य दिशेने येणाऱ्यासाठी लावलेल्या असतात. उलटं जाणाऱ्याला त्यांची पाठ दिसते.

मी माझ्या बाजूने चाललोय, समोरून कडेकडेने सायकलवाला उलटा येतोय. कुणी कुठल्या बाजूला व्हायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण याचं उत्तर आयत्या वेळी शोधतात.

तुम्ही डाव्या कडेलाच राहा. वेग कमी करा, गरज पडली तर पाय टेकून थांबा. घंटी वाजवा, एक हात उचलून त्याला रस्त्याच्या मधल्या बाजूने जायची खूण करा. बाहेरून वळसा त्याने घ्यायचा, तुम्ही नाही.

याचं कारण मान-अपमानाचं नाही. तुमच्या मागून येणारी बस त्याला दिसते, तुम्हाला दिसत नाही. ज्याला दिसतंय त्याने बाहेर पडायचं. तुम्ही सौजन्याने उजवीकडे सरकलात तर पाठ करून गाड्यांच्या पुढ्यात जाल. आपल्याकडे 'आधी आप' करण्याची सवय आहे, ती इथे नको. आणि मध्यभागी थांबून त्याला धडा शिकवण्याचीही जागा ही नव्हे.

तो मात्र कडेला चिकटूनच येत राहिला, बाहेर जायलाच तयार नसला, तर थांबून राहा. थांबलेल्या सायकलवर आदळणारा आणि चालत्या सायकलवर आदळणारा यात हाडांचा फरक पडतो.

एक गोष्ट टाळायची: शेवटच्या क्षणी कावा मारणं, म्हणजे एकदम बाजूला वळणं. अरुंद बोळात दोन माणसं समोरासमोर आली की दोघं एकाच बाजूला सरकतात, परत दोघं दुसऱ्या बाजूला. पायी असताना आपण हसतो. सायकलवर हसू येत नाही.

हे सगळं तुम्ही स्वतः पाळलंत का?

नाही. म्हणून तर माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी, शाळा भरायच्या वेळी, एका वळणावर नववी-दहावीतला मुलगा समोरून आला. खांद्यावर दप्तर, हँडलला डब्याची पिशवी. मी उजवीकडे कावा मारला, त्याने त्याच्या डावीकडे. म्हणजे एकाच बाजूला. त्याचं पुढचं चाक माझ्या चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत, घुसलं आणि दोघं आडवे. डबा उघडून मटकीची उसळ डांबरावर पसरली आणि त्याची पहिली नजर डब्याकडे गेली, गुडघ्याकडे नंतर. मी हात टेकून पडलो होतो. उठलो, कपडे झटकले, त्याला म्हणालो, 'काही नाही रे, जा तू, उशीर होईल.' यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत मी चुकलो. त्या चुका खालच्या उत्तरांमध्ये आहेत.

राँग साइडने येणाऱ्याला टोकावं का? ओरडलं तर भांडण होतं.

ओरडायचं असेल तर फक्त सावध करण्यासाठी, आणि ते टक्कर व्हायच्या आधी. 'दादा, बाहेरून!' किंवा 'काका, जपून!' एवढं पुरतं. 'राँग साइड आहे, अक्कल नाही का' हे वाक्य मी वर्षानुवर्षं वापरलंय आणि एकही माणूस त्यानंतर पलीकडे गेलेला पाहिला नाही. उलट तो मागे वळून बघतो, आणि चालत्या सायकलवरून मागे वळून बघणारा माणूस कुठे जाईल सांगता येत नाही.

रोजच्या रस्त्यावर रोज भेटणारा असेल तर गोष्ट वेगळी. सिग्नलला किंवा टपरीवर गाठून गल्लीच्या तोंडाचा मुद्दा सांगा. तो पटतो, कारण प्रत्येकाला रिक्षाचा एखादा अनुभव आलेला असतो.

रात्री समोरून दिवा नसलेली सायकल येते तेव्हा?

रात्री वेग असा ठेवा की तुमच्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल. बाकी सगळं दैव. मागचा लाल रिफ्लेक्टर मागून येणाऱ्यासाठी असतो. उलट्या सायकलवाल्याचा तो तुमच्या काही कामाचा नाही. तुमचा पुढचा दिवा मात्र थोडा खाली झुकवा. डोळ्यांत मारलेला झगझगीत दिवा समोरच्याला आंधळा करतो, आणि तो तुमच्यावरच येतो.

मला स्वतःला पन्नास मीटर उलटं जावंच लागतं. काय करू?

उतरा आणि चालत जा. पन्नास मीटरला एक मिनिटही लागत नाही.

परदेशात सायकलींना एकेरी रस्त्यावर उलटं जायची परवानगी असते म्हणे. मग आपल्याकडे का नाही?

असते. ब्रसेल्समध्ये बहुतेक एकेरी रस्त्यांवर सायकलींना दोन्हीकडून जाता येतं, जर्मनीतही पाटी लावलेल्या कितीतरी रस्त्यांवर. पण तिथे ती पाटी आहे, जागोजागी रंगवलेला पट्टा आहे आणि गल्लीतून निघणाऱ्याला माहीत असतं की डावी-उजवी दोन्हीकडे बघायचंय. तिथेही परवानगी नसलेल्या जागी उलटं येणाऱ्याला नाव आहेच: जर्मन लोक त्याला 'गाइस्टरराडलर' म्हणतात, म्हणजे भुतासारखा अचानक समोर उगवणारा सायकलवाला. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हा फरक लक्षात ठेवावा. कोथरूडची सवय म्युनिकमध्ये दंडाला पात्र आहे.

सायकलवाल्याला चलन होतं का? सायकलला तर नंबरही नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत पायडलची सायकल मोटार वाहन नाही. त्यामुळे लायसन्स, नंबर, तृतीय पक्ष विमा यातलं काही लागत नाही. वाहतुकीच्या प्रवाहाविरुद्ध गाडी चालवणं म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, असं या कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं, तेही मोटार वाहनांसाठी.

पण 'सायकलला कायदाच नाही' हे खोटं आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मध्ये वाहन या शब्दात सायकल येते आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याचा नियम तिथे आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणं, यात 'मोटार' हा शब्दच नाही. सायकलनेही तो गुन्हा होऊ शकतो: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणामुळे कुणाला दुखापत झाली तर कलम १२५. गंभीर दुखापत असेल तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. मृत्यू झाला तर कलम १०६. जुने लोक अजून २७९, ३३७, ३३८ म्हणतात. ती भारतीय दंड संहितेतली कलमं. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले.

ई-सायकलचं काय?

मोटरची क्षमता २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरीशिवाय वजन ६० किलोच्या आत असेल तर नियमांनुसार ती मोटार वाहन धरली जात नाही. 'वेग अनलॉक करून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराकडून ती मर्यादा काढून घेतलीत तर हे संरक्षणही गेलं. मग बिनलायसन्स, बिनविम्याची गाडी चालवताय असं होतं, आणि ते कळतं नेमकं अपघातानंतर.

धडक झाली. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

लगेच उठू नका. हे सगळ्यात अवघड आहे, कारण पडल्यावर माणसाला दुखण्याआधी लाज वाटते. आधी बोटं हलतात का, मान दुखते का, ते बघा. मान किंवा पाठीचा कणा दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर तसेच पडून राहा आणि जमलेल्यांना गाड्या अडवायला सांगा. उत्साही लोक काखेत हात घालून उचलतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. १०८ ला फोन करा. पोलीस हवे असतील तर ११२.

उठता येत असेल तर रस्त्यातून बाजूला व्हा आणि समोरच्याकडे बघा. चूक कुणाचीही असो, आधी त्याला काय लागलंय ते. मग सायकली हलवायच्या आधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढा: दोन्ही सायकली, रस्ता, जवळची दुकानाची पाटी, दुभाजक. फोटोत दिशा कळली पाहिजे. नुसता वाकलेल्या चाकाचा फोटो कशालाच उपयोगी पडत नाही. समोरच्याचं नाव, मोबाइल नंबर घ्या आणि नंबर तिथल्या तिथे लावून बघा. पाहणाऱ्या एकाचा तरी नंबर घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानाला कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन विनंती करा, नंतर जुनं चित्रण पुसलं जातं.

मी यातलं काहीच केलं नव्हतं. त्या मुलाचं नावही विचारलं नाही.

खरचटलंय फक्त. डॉक्टरकडे जायलाच हवं का?

तीन-चार गोष्टी अशा आहेत की त्या 'फक्त खरचटलंय' या वाक्याखाली लपतात.

मनगट. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर ते स्केफॉइड नावाचं छोटं हाड असू शकतं. याची खोड अशी की पहिल्या एक्स-रेमध्ये चीर बऱ्याचदा दिसतच नाही. माझ्या वेळी हेच झालं. फिल्म स्वच्छ, 'मुरगळलंय, गरम पाण्याने शेका' असा सल्ला. बाराव्या दिवशी चहाचा कप धरवेना म्हणून दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधी त्या खळग्यावर बोट दाबलं आणि मी खुर्चीतून उठलो. अंगठ्यासकट आठ आठवडे प्लास्टर. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे वेळ गेला तर ते जुळत नाही. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी तिथे दुखत असेल तर दहा-चौदा दिवसांनी परत काढा, मधल्या काळात मनगट बांधून ठेवा.

डोकं. हेल्मेट होतं म्हणून बिनधास्त राहू नका. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, तेच तेच विचारणं, अपघात कसा झाला ते न आठवणं, अवेळी झोप येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. पहिली रात्र एकटे झोपू नका.

पोट. हँडलचं टोक पोटात रुतलं असेल, विशेषतः मुलांच्या, तर बाहेर नाण्याएवढा वळ आणि आत प्लीहा किंवा यकृताला इजा, असं होऊ शकतं. पोट कडक होणं, चक्कर, डाव्या खांद्यात विनाकारण दुखणं ही लक्षणं काही तासांनीही येतात. हँडलच्या टोकांना रबरी टोपी असते ना, ती पडली की आपण बसवत नाही. दहा-वीस रुपयांची गोष्ट. उघडा पाइप सुरीसारखा कापतो.

कॉलरबोन मोडलं तर सांगावं लागत नाही, कळतं.

जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, खडी-माती राहू देऊ नका. हळद, टूथपेस्ट काही लावू नका. रस्त्यावरच्या मळक्या जखमेसाठी धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत झालेलं नसेल तर घ्या.

रुग्णालयात 'एमएलसी करावी लागेल' म्हणतात. घाबरायचं का?

नाही. अपघाताच्या दुखापतीची नोंद करून पोलिसांना कळवणं ही त्यांची नेहमीची पद्धत आहे. उलट पुढे विमा, भरपाई काहीही करायचं तर हाच पहिला कागद. कसं लागलं ते खरं सांगा. 'जिन्यावरून पडलो' असं सोपं म्हणून सांगितलंत तर केसपेपरवर तेच राहतं, आणि तीन महिन्यांनी ते तुमच्याविरुद्ध वाचलं जातं.

पोलिसांत जायचं की आपसात मिटवायचं?

दोन सायकली, खरचटणं, वाकलेलं चाक: मिटवा. हाड मोडलंय, डोक्याला मार आहे, पादचारी ज्येष्ठ आहे, किंवा कुठलीही मोटार गाडी गुंतलेली आहे: नोंद करा. नोंद म्हणजे भांडण नव्हे. जबाब देताना दिशा नीट सांगा. 'समोरून आला' यापेक्षा 'मी अमुक चौकाकडून तमुक चौकाकडे डाव्या कडेने जात होतो, ते त्याच कडेने उलट येत होते' हे वाक्य जबाबात आणि पंचनाम्यात हवं. मराठीत लिहिलेला जबाब सही करायच्या आधी वाचायचा, ही साधी गोष्ट भलेभले विसरतात.

आपसात मिटवताना तिथल्या तिथे रक्कम ठरवू नका. मनगटाचा हिशोब बाराव्या दिवशी कळतो, हे वर सांगितलंच. नाव, नंबर घ्या, दोन आठवडे थांबा, मग बोला. पैसे दिले-घेतले तर साध्या कागदावर तारीख, जागा, रक्कम आणि कशाबद्दल ते लिहून दोघांच्या सह्या. गुन्हा एकदा दाखल झाला की मिटवणं फक्त तुमच्या दोघांच्या हातात राहत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि एक मनापासून सांगतो. उलटा आलेला माणूस रोजंदारीवरचा असेल तर नवीन चाकाचे पैसे मागायच्या आधी त्याच्या सायकलकडे बघा. ती त्याची गाडी आहे, आपला छंद नाही.

चूक समोरच्या सायकलवाल्याची. माझ्या उपचाराचा खर्च कुठून मिळेल?

इथे निराशा करतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फक्त मोटार वाहनाच्या अपघातांसाठी. दोन सायकलींच्या धडकेत ते दार बंद. सायकलला सक्तीचा विमा नाही, त्यामुळे समोर विमा कंपनीही नाही. दिवाणी दावा करता येतो, पण लहान रकमेसाठी तो करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. केंद्राची २०२५ ची कॅशलेस उपचार योजना, दीड लाखापर्यंत आणि सात दिवस, तीही मोटार वाहनाच्या अपघातांसाठीच आहे.

म्हणून स्वतःची सोय स्वतः. आरोग्य विम्यात सुरुवातीचे तीस दिवस थांबण्याची जी अट असते, ती अपघाताला लागू नसते. आणि बँकेतून होणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयासाठी, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, कायमच्या आंशिक अपंगत्वाला एक लाख. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका सायकलने येत असतील तर त्यांचा फॉर्म भरून द्या. हप्ता साधारण मेअखेर खात्यातून कापला जातो, तेव्हा खात्यात पैसे नसतील तर संरक्षण जातं.

मी राँग साइडने होतो आणि कारने उडवलं. मला काहीच मिळणार नाही का?

असं नाही. न्यायाधिकरण दोघांच्या निष्काळजीपणाचा वाटा ठरवतं आणि तुमच्या वाट्याएवढी भरपाई कापतं. दावा मात्र उभा राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. गाडी पळून गेली आणि सापडली नाही तर हिट अँड रन योजनेत मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो, पोलीस ठाण्यात नाही. कलम १६६ च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे, तेव्हा प्लास्टर निघायची वाट न बघता वकील गाठा.

समोर लहान मूल असेल तर?

सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा धरला जात नाही. सात ते बारामध्ये त्याची समज बघितली जाते. अल्पवयीनाने मोटार गाडी चालवली तर पालकाला शिक्षा, ही तरतूद सायकलला लागू नाही. पण हे सगळं नंतरचं. आधी मुलाला एकट्याने जाऊ देऊ नका. मुलं घाबरून 'काही नाही लागलं' म्हणतात आणि पळतात. आईवडिलांना तिथूनच फोन करा, पोटाला हँडल लागलंय का ते स्वतः विचारा आणि फोनवर त्यांना सांगा. मी 'जा तू' म्हणालो होतो, ते अजून खातं.

मी फक्त मदतीला थांबलो होतो. माझ्यामागे लचांड लागेल का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४-अ ने मदतनिसाला संरक्षण आहे. नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, रुग्णालय पैशासाठी तुम्हाला अडवू शकत नाही. थांबा.

सायकल ठीक दिसतेय. चालवत घरी जाऊ?

समोरासमोरच्या धडकेत मार चिमट्याला बसतो. पुढचं चाक दोन्ही मांडीमध्ये धरून हँडल सरळ करा, मग बाजूने बघा: चिमटा मागे गेला असेल तर चाक फ्रेमच्या खालच्या नळीजवळ आलेलं दिसतं आणि वळताना बूट चाकाला घासतो. हँडलच्या मागे, खालची नळी जिथे जोडली आहे तिथे खालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती फ्रेम गेली. जुन्या लोखंडी सायकलचा चिमटा चांगला मिस्त्री सरळ करतो. अॅल्युमिनियमचा कुणी सरळ करून देतो म्हणाला तर सायकल उचला आणि निघा. कार्बनला बाहेरून ओरखडाही नसतो आणि आत तडा असतो.

चाकाला आऊट आला असेल, म्हणजे ते फिरताना डुलत असेल, तर तो काढता येतो. मागचं गिअरचं हँगर, म्हणजे साखळी सरकवणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा, मात्र तपासा. ते आत वाकलेलं असताना सगळ्यात हलक्या गिअरवर टाकलंत तर डिरेलर तारांमध्ये जातो आणि तुम्ही त्याच दिवशी दुसऱ्यांदा पडता. हेल्मेट आपटलं असेल तर बदला. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो.

परत त्या वळणावर जायची भीती वाटते.

वाटणारच. मी तीन महिने दुसऱ्या रस्त्याने गेलो, दीड किलोमीटर जास्त. मग एका रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, त्या वळणावर चारदा जाऊन आलो. दोनदा चालत.

एखाद्या जागी रोज माणसं उलटी येतात. कुणाला सांगायचं?

रोज उलटी येत असतील तर तिथे माणसांपेक्षा रस्त्याची तक्रार करायला हवी. एक तास उभे राहून मोजा: किती सायकली, त्यातल्या शाळेच्या किती, जवळची तोड किती अंतरावर. फोटो जोडा आणि क्षेत्रीय कार्यालय व वाहतूक शाखा, दोन्हीकडे अर्ज द्या. मागणी नेमकी हवी: तोड, रंगवलेला पट्टा किंवा गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक. 'योग्य ती कारवाई करावी' असं लिहिलं की योग्य ती फाइल होते. मी त्या वळणासाठी असा अर्ज दिला आहे. पोच मिळाली, तोड मिळालेली नाही. तो मुलगा आता अकरावीत असावा, अजून त्याच बाजूने येतो. मी कडेला पाय टेकून घंटी वाजवतो, तो बाहेरून निघून जातो. डबा आता दप्तरात असतो.